न काचणारी, न टोचणारी ब्रा कशी निवडावी

संध्याकाळी घरी आलं की आधी ब्राचा हुक काढायचा आणि मग खांद्यांवरच्या खाचा चोळत बसायचं, हे मी कितीतरी वर्षं केलं. आईच्या खांद्यांवर तसेच वळ होते, मावशीच्याही. बाईला हे असायचंच, असं मी धरून चालले होते. पुढे मान आणि पाठ सतत दुखायला लागली म्हणून फिजिओथेरपिस्टकडे गेले, तर त्यांनी व्यायाम दाखवण्याआधी विचारलं, "ब्राचं माप शेवटचं कधी घेतलंत?" कधीच घेतलं नव्हतं. कॉलेजात असताना दुकानदाराने नजरेने जोखून जे हातात दिलं, तिथून पुढे घट्ट वाटली की वरचा आकडा घ्यायचा, एवढंच मी करत आले होते. तेव्हा मी ३८ बी घालत होते. टेप लावल्यावर निघालं ३४ डी.

यातला आकडा छातीभोवतीच्या पट्ट्याचा आणि अक्षर कपाचं. ३८ बी आणि ३४ डी यांच्या कपांत जागा जवळपास सारखीच असते, हे मला त्या दिवशी कळलं. म्हणजे माझे कप बरोबर होते. छातीभोवतीचा पट्टा मात्र दोन मापांनी सैल होता. तो काहीच धरून ठेवत नव्हता, म्हणून सगळं वजन खांद्यांवर आलं होतं. माझ्या शरीरात काही बिघडलेलं नव्हतं, माप चुकलेलं होतं. तुम्ही पहिल्यांदाच नीट माप घेऊन ब्रा घेणार असाल, तर पुढचं सगळं त्याच क्रमाने करून बघा.

आधी एक परीक्षा घरीच

सध्याची ब्रा घालून आरशासमोर उभ्या राहा. खांद्यांवरच्या दोन्ही पट्ट्या दंडांवर उतरवा. ब्रा जागच्या जागी राहिली, स्तन फारसे खाली आले नाहीत, तर छातीभोवतीचा पट्टा त्याचं काम करतोय. सगळंच खाली घसरलं, तर आजवर तुमचे खांदे ते ओझं वाहत होते.

या पट्ट्याला दुकानात बँड म्हणतात. ब्राचा बहुतेक आधार बँड देतो, खांद्याच्या पट्ट्या फक्त कप जागेवर ठेवतात. आपल्याकडची खणाची चोळी आठवा. तिचा सगळा जोर पुढे स्तनांखाली मारलेल्या गाठीवर असायचा. आधार खालून आणि भोवतीने द्यायचा असतो हे ती चोळी शिवणाऱ्यांना आणि नेसणाऱ्यांना पक्कं ठाऊक होतं.

आता पाठ आरशाकडे करा. मागचा पट्टा जमिनीला समांतर आहे का? तो वर चढून कमानीसारखा झाला असेल तर बँड सैल आहे. अशा वेळी बायका खांद्याच्या पट्ट्या आणखी आवळतात, त्यामुळे मागचा पट्टा आणखी वर जातो आणि खांदे आणखी दुखतात.

दुखतं कुठे, त्यावरून कारण ओळखा

खांद्यांवर खाचा, मानेत ओढ, संध्याकाळी डोकं जड: बहुधा बँड सैल आणि पट्ट्या आवळलेल्या. स्तन जड असतील तर पट्ट्याही अरुंद नकोत, अंगठ्याएवढ्या तरी रुंद हव्यात.

काखेत वायर, म्हणजे कपाच्या खालच्या कडेला शिवलेली अर्धगोल तार, टोचते: कप लहान आहे. वायरचं टोक बरगड्यांवर टेकायला हवं, ते स्तनाच्या मऊ भागावर टेकतंय. कप मोठा घेतल्यावर हे बहुतेक वेळा थांबतं. कप मोठा घेऊनही टोक काखेत शिरत असेल, तर त्या ब्राची वायर तुमच्या अंगाला जास्त रुंद किंवा उंच आहे, दुसरा नमुना बघा.

दोन स्तनांच्या मधोमध टोचतं: काहींचे स्तन एकमेकांच्या अगदी जवळ असतात. त्यांना मधला उंच आणि रुंद भाग रुततो. मधोमध खोल कापलेला नमुना मागा, किंवा बिनवायरची घ्या.

स्तनांच्या खाली बरगड्यांवर लाल रेघ आणि आग: बँड घट्ट असू शकतो. पण नेहमीच नाही. कप लहान असला की स्तन वायरला खाली ढकलतात आणि ती बरगडीवर घासते. म्हणून लगेच मोठा बँड घेऊ नका, आधी तोच बँड आणि एक कप मोठा, असं घालून बघा. इलॅस्टिकची फिकट खूण कपडे काढल्यावर थोड्या वेळात जात असेल तर काळजीचं कारण नाही. ती रात्रभर राहत असेल, खाजत असेल, सोलवटत असेल तर माप किंवा कापड बदला.

कपाच्या वरून किंवा काखेकडून मांस बाहेर येतं, टी-शर्टमधून चार स्तन असल्यासारखे दिसतात: कप लहान. याउलट वर कापड सुटून पोकळी राहत असेल तर कप मोठा आहे असं लगेच ठरवू नका. बाळंतपणानंतर किंवा वजन उतरल्यावर वरचा भाग रिकामा होतो. तिथे पूर्ण झाकणाऱ्या कपापेक्षा अर्ध्या उंचीचा कप नीट बसतो.

माप कसं घ्यायचं

शिवणकामाची टेप घ्या आणि शक्य असेल तर सेंटिमीटरची बाजू वापरा, त्यात अर्धा-पाव इंचाचा घोळ होत नाही. दिवसही निवडा. पाळीच्या आधी अनेकींचे स्तन सुजतात आणि हुळहुळे होतात. पाळी सुरू झाल्यावर आठवडाभराने घेतलेलं माप जास्त खरं असतं. मात्र पाळीआधीच्या आठवड्यात तुमची ब्रा दर महिन्याला काचत असेल, तर त्या दिवसांसाठी एक कप मोठी, मऊ, बिनवायरची ब्रा वेगळी ठेवा.

पहिलं माप स्तनांच्या लगेच खाली, बरगड्यांवर. श्वास सोडा आणि टेप अंगाला घट्ट लावा. काचू नये, पण खाली घसरूही नये. मागून टेप वर चढत नाही ना, हे आरशात बघा, किंवा बहिणीला, मैत्रिणीला धरायला सांगा.

दुसरं माप स्तनांच्या सगळ्यात भरलेल्या भागावरून. ते पॅड नसलेली, त्यातल्या त्यात बरी बसणारी ब्रा घालून घ्या. इथे टेप हलकी ठेवा, दाबू नका. स्तन मोठे किंवा मऊ असतील तर हेच माप ब्रा काढून, कमरेतून पुढे वाकूनही घ्या. उभ्याने घेतलेल्या आणि वाकून घेतलेल्या मापात बराच फरक आला तर दोन्हींच्या मधला आकडा धरा.

एक स्तन दुसऱ्यापेक्षा थोडा मोठा असणं अगदी सर्वसाधारण आहे. माप नेहमी मोठ्या बाजूचं. लहान बाजूला कपात पातळ पॅड सरकवता येतो.

लेबलावरचा आकडा आणि अक्षर

इथे सगळ्यात जास्त गोंधळ आहे, म्हणून एक उदाहरण सावकाश बघू. समजा, खालचं माप ७९ सेंटिमीटर, म्हणजे साधारण ३१ इंच, आणि वरचं ९४ सेंटिमीटर, म्हणजे ३७ इंच.

शिवणाच्या जुन्या रीतीत खालच्या मापात ४ किंवा ५ इंच मिळवून सम आकडा काढतात. ३१ अधिक ५, म्हणजे ३६. मग वरच्या मापातून तो आकडा वजा करायचा. १ इंच उरला तर ए, २ उरले तर बी, ३ उरले तर सी, ४ उरले तर डी. ३७ वजा ३६, राहिला १. उत्तर ३६ ए.

युरोपातल्या मापनाप्रमाणे ७८ ते ८२ सेंटिमीटर घेर म्हणजे बँड ८०, आणि तोच आपल्याकडे ३६ म्हणून विकला जातो. कप दोन्ही मापांतल्या फरकावरून ठरतो: १२ ते १४ सेंटिमीटर फरकाला ए, १४ ते १६ ला बी, १६ ते १८ ला सी, १८ ते २० ला डी. इथे फरक १५ आहे. उत्तर ३६ बी.

तिसरी रीत काहीच न मिळवण्याची. ३१ च्या जवळचा वरचा सम आकडा ३२, आणि ३७ वजा ३२ म्हणजे ५ इंच. डीच्या पुढचा कप डीडी, म्हणून उत्तर ३२ डीडी.

बाई तीच आणि लेबलं तीन. म्हणून "माझा साइज अमुक" असं ठाम मानून कधीच खरेदी करू नका. ज्या कंपनीची ब्रा घेताय, तिचा तक्ता बघा, खोक्यावर किंवा वेबसाइटवर तो असतो. त्यात तुमची दोन मापं शोधा. जे माप निघेल तिथून सुरुवात करायची.

तिथून पुढे सरकायचं ते जोडमापांनी. बँडचा आकडा एका मापाने कमी केला की कपाचं अक्षर एकाने वाढवायचं, मग कपातली जागा तेवढीच राहते. ३६ बी, ३४ सी आणि ३२ डी या जोडमापाच्या बहिणी. ३६ बी पाठीत सैल वाटली तर ३४ सी मागा. नुसती ३४ बी मागितलीत तर कप लहान होईल, ती काचेल, आणि तुम्ही पुन्हा ३६ वर याल. बहुतेक जणी इथेच अडकतात, मीही इथेच अडकले होते.

परदेशात राहणाऱ्या मैत्रिणींनी दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. फ्रान्समधला बँडचा आकडा वर सांगितलेल्या युरोपातल्या मापनापेक्षा १५ ने मोठा असतो, तिथली ९० बी म्हणजे या मापनातली ७५ बी. आणि डीच्या पुढे ब्रिटन आणि अमेरिकेची अक्षरं फुटतात. ब्रिटनमध्ये डी, डीडी, ई, एफ, एफएफ असा क्रम, अमेरिकेत डीडीनंतर सहसा डीडीडी.

आणि डी म्हणजे खूप मोठी छाती, ही समजूत सोडून द्या. नुसत्या अक्षराला अर्थ नाही. ३२ डीचा कप ३६ बीएवढाच.

दुकानात

पातळ, साधा, अंगाबरोबर बसणारा टी-शर्ट किंवा कुर्ता घालून जा, म्हणजे वरून कसं दिसतं तेही कळेल. मोठ्या शहरांत ट्रायल रूम असलेली दुकानं आणि माप घेऊन देणाऱ्या बायका आता सहज भेटतात. तालुक्याच्या बाजारात मात्र होजिअरीच्या काउंटरपलीकडे बहुधा पुरुषच असतो आणि मागे गिऱ्हाईकं उभी असतात. तिथे संकोच वाटतो हे मी जाणते. माप आणि हवा तो प्रकार चिठ्ठीवर लिहून न्या आणि चिठ्ठी पुढे करा. "३४ सी, कॉटन, बिनपॅडची, रुंद पट्ट्यांची" एवढं पुरतं. पैसे देण्याआधी एकच प्रश्न: "घरी घालून बघितली आणि बसली नाही, तर बदलून मिळेल का?" नाही म्हणाले तर तिथे एकच घ्या. ऑनलाइन घेतानाही आतले कपडे परत घेतात का, ते आधी वाचा.

"सी नाही ताई, ३६ बी न्या, एकच आहे," असं दुकानदार म्हणाला तर तो कपाच्या जागेबद्दल खरं बोलतोय, पण बँड सैल होणार आहे. नम्रपणे नाही म्हणा. मिळेपर्यंत दुसरं दुकान बघा.

ट्रायलसाठी तीन ब्रा आत न्या: तक्त्याप्रमाणे निघालेली, तिची एक जोडमापाची बहीण, आणि तोच बँड एक कप मोठा.

घातल्यावर काय काय बघायचं

नवी ब्रा सगळ्यात बाहेरच्या, म्हणजे सैल हुकावर लावा. इलॅस्टिक पुढे सैलावतं, तेव्हा आतले हुक कामाला येतात. पहिल्याच दिवशी आतल्या हुकावर लावावी लागत असेल तर बँड मोठा आहे.

हुक लावल्यावर किंचित पुढे वाका. उजवा हात डाव्या कपात घालून काखेकडचा सगळा भाग पुढे, कपात ओढून घ्या. दुसऱ्या बाजूलाही तसंच. ही कृती बहुतेक जणींना कोणी सांगितलेलीच नसते. ती केल्यावर आधी बरोबर वाटलेला कप एकदम लहान निघतो, आणि काखेतली जी वळी आपण चरबी समजत होतो तिच्यातला बराचसा भाग स्तनाचाच होता हे लक्षात येतं.

मग बघा. पाठीमागे बँडखाली दोन बोटं जातात का? खांद्याच्या पट्टीखाली एक बोट जातं का? वायर स्तनाच्या मुळाशी, जिथे तो छातीला जोडलेला आहे त्या घडीतच बसते का? वायरच्या ब्रामध्ये मधला भाग छातीच्या हाडाला टेकायला हवा. तो अधांतरी राहत असेल तर कप लहान आहे.

आता दोन्ही हात वर करा. समोरून बँड वर चढून स्तन खालून डोकावले तर बँड सैल. खोल श्वास घ्या. खाली बसा, आणि पाच मिनिटं बसूनच राहा. बसल्यावर बरगड्यांचा घेर बदलतो, आणि दिवसभर खुर्चीवर, शिलाई मशीनवर किंवा बसमध्ये बसणारीला उभ्याने बरी वाटलेली ब्रा तासाभराने काचते. तुमचं काम वाकून करायचं असेल, शेतातलं असो की फरशी पुसायचं, तर वाकून बघा. कपातून काही निसटता कामा नये.

कप अगदी बरोबर आहे पण बँड जरासाच घट्ट आहे, असं झालं तर हुकांची जोडपट्टी मिळते. स्वस्त असते. गरोदरपणात पोट वर आलं की बरगड्या रुंदावतात, तेव्हा ती फार उपयोगी पडते.

वायर, पॅड, कापड

वायर वाईट नाही, चुकीच्या जागी टेकलेली वायर वाईट. वायरने किंवा काळ्या ब्राने कर्करोग होतो, असे संदेश अजून फिरतात. अमेरिकेत सिअ‍ॅटलच्या संशोधकांनी पाळी गेलेल्या स्त्रियांवर केलेला अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. ब्रा किती तास घातली, वायर होती की नव्हती, कोणत्या वयापासून घातली, यातल्या कशाचाच कर्करोगाशी संबंध आढळला नाही.

जड स्तनांना गुळगुळीत साच्याच्या कपापेक्षा दोन-तीन तुकडे जोडून शिवलेला कप चांगला आधार देतो. शिवणी टी-शर्टमधून दिसतात, पण संध्याकाळी खांदे दुखत नाहीत. जाड स्पंजचे कप आपल्या उन्हाळ्यात घाम धरून ठेवतात. रोजच्यासाठी सुती अस्तर बघा.

स्तनांखाली घाम साचून घडीत लाल, ओलसर, खाजरं पुरळ उठतं. ती बहुतेक वेळा घर्षण आणि बुरशी असते. जागा धुऊन पूर्ण कोरडी करा, आणि बरं होत नसेल तर त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा. मेडिकलमधून आणलेली स्टेरॉईड मिसळलेली मलमं लावू नका. त्यांनी खाज दोन दिवस थांबते आणि बुरशी पसरते.

मुलींसाठी, धावणाऱ्यांसाठी, बाळंतिणींसाठी

दहा-बारा वर्षांची मुलगी खांदे पुढे घेऊन, पाठीला पोक काढून चालायला लागली तर तिला ओरडू नका. तिला अवघडल्यासारखं होतंय. मऊ, बिनहुकाची, सुती ब्रा दोन-तीन आणून तिच्या कपाटात ठेवा आणि टेप कशी लावायची ते एकदा दाखवा. माप तिचं तिला घेऊ द्या. या वयात ते दर काही महिन्यांनी बदलतं, म्हणून एकदम सहा घेऊ नका.

पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुली पहाटे मैदानावर ८०० मीटरचा सराव करताना दिसतात, कित्येकींनी दोन ब्रा एकावर एक घातलेल्या असतात. त्यापेक्षा एक बरी स्पोर्ट्स ब्रा घ्या. धावताना स्तन वर-खाली हलतात, शिवाय डावी-उजवीकडे आणि पुढे-मागेही. लहान छातीला दाबून धरणारी चालते, मोठ्या छातीला वेगळे कप असलेली लागते. घेताना दुकानातच जागच्या जागी उड्या मारून बघा.

दूध पाजणाऱ्या आईने वायर टाळावी. दाब पडून दूध साचू शकतं, गाठी होतात, ताप येतो. पाजायची ब्रा फार आधी घेऊन ठेवू नका, दूध उतरल्यावर माप पुन्हा बदलतं.

डॉक्टरांकडे कधी

बरोबर मापाची ब्रा महिनाभर घालूनही दुखणं एकाच जागी टिकून असेल, गाठ हाताला लागत असेल, कातडी आत ओढली गेली असेल किंवा संत्र्याच्या सालीसारखी दिसत असेल, बोंड नव्याने आत गेलं असेल, त्यातून रक्त किंवा पाणी येत असेल, तर ब्राचा विचार सोडा आणि त्याच आठवड्यात तपासून घ्या. हाताला मुंग्या येणं, बोटं बधिर होणं हेही दाखवण्यासारखं आहे.

घरी आणल्यावर

एकच घ्या, पूर्ण दिवस घाला, मगच तशाच आणखी दोन आणा. रोज आलटून पालटून वापरल्या की इलॅस्टिकला आराम मिळतो. साध्या पाण्यात हाताने धुवा, पिळू नका. मशीनमध्ये टाकायचीच तर हुक लावून, जाळीच्या पिशवीत. वाळत घालताना पट्टीला टांगू नका, मधोमध घडी घालून दोरीवर टाका. पावसाळ्यात कोकणात, गोव्यात, मुंबईत चार दिवस कपडे दमटच राहतात, तेव्हा एखादी जास्तीची असू द्या. दमट ब्रा अंगावर चढवू नका.

सगळ्यात आतल्या हुकावरही बँड वर चढायला लागला की ती ब्रा संपली, कापड कितीही चांगलं दिसत असलं तरी.

आणि ब्लाउज शिवायला टाकणार असाल तर थोडं थांबा. नवी ब्रा बसली की छाती वर येते, आणि जुन्या मापाच्या ब्लाउजचे टक्स भलत्याच जागी पडतात. शिंपीणबाईंकडे माप द्यायला जाताना नवी ब्रा घालूनच जा.